३,११,२०० रुपयांचं व्हिएतनाम

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणी खोदून विचारायला नको. ३,११,२०० रुपये गेले. त्यातले ४०,००० परत आले, तेही दोन हप्त्यांत, सहलीच्या एजंटाच्या दारात सकाळी सातपासून ठाण मांडून बसल्यावर. उरले २,७१,२००.

दुसरी गोष्ट लिहायला आकड्यापेक्षा जड जाते. मी जिल्हा परिषदेच्या शाळांत ३१ वर्षं भूगोल शिकवला.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ऐकत ऐकत म्हातारे झालो, पण जर्मनी राहिली दूर, आम्ही दोघं हैदराबादच्या पलीकडे गेलो नव्हतो. निवृत्तीनंतर पासपोर्ट काढले. युरोपचा खर्च आणि व्हिसाची कटकट ऐकून व्हिएतनाम ठरलं. त्याला एक कारण होतं. तिकडे ‘मी सन’ नावाचं ठिकाण आहे, चंपा राजांनी चौथ्या ते तेराव्या शतकात बांधलेली विटांची शिवमंदिरं. २०२० मध्ये तिथे आपल्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांना अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं, तेव्हापासून ते डोक्यात बसलं होतं. वेरूळला पोरांच्या किती सहली नेल्या त्याची गणती नाही. समुद्रापलीकडे कोणी शंकराची देवळं कशी बांधली ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. एवढीच हौस.

हे सगळं मी त्या एजंट पोराला स्वतःच्या तोंडाने सांगितलं. तो माझा विद्यार्थी. मोबाईलच्या दुकानावर माडीवर त्याचं ऑफिस, काचेचं टेबल, भिंतीवर जगाचा नकाशा. आत गेलो तर उठून पाया पडला. म्हणाला, “सर, तुम्ही आम्हाला नकाशा शिकवला, आता जग दाखवायची पाळी आमची.” आता तुम्हीच सांगा, कोणता मास्तर विरघळणार नाही?

सहा रात्री सात दिवस, माणशी ६२,०००. आम्ही दोघं, मेव्हणा आणि त्याची बायको, असे चौघांचे २,४८,०००. ऑगस्टमध्ये ५०,००० रोख दिले. सप्टेंबरात १,९८,००० एनईएफटीने. ऑक्टोबरात व्हिसाचे माणशी ५,५०० आणि विम्याचे माणशी १,८००, म्हणजे २९,२०० फोनवरून. निघायच्या पाच दिवस आधी “तिकिटं वाढली सर, माझाच तोटा होतोय” म्हणून माणशी ८,५००, म्हणजे ३४,०००. करा बेरीज.

एनईएफटी गेली कुठे? त्याच्या बायकोच्या बचत खात्यात. फर्मच्या नावाने चालू खातं नाही म्हणजे फर्मच नाही, हे लहान पोरालाही कळावं. मला काय सांगितलं तर “चालू खात्याचं केवायसी अडकलंय.” आणि मी मान डोलावली.

इथे माझा स्वतःचा लोभही कबूल करतो, नाहीतर कोणी विचारेलच. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे एजंटाने आपल्याकडून आगाऊ घेऊन सरकारात भरायचा कर, लागतो, तेव्हा पाच टक्के होता, आणि त्यासाठी एजंटाने पॅन मागायलाच हवं. त्याने मागितलं नाही. उलट म्हणाला, “सर, पावती ५०,००० चीच फाडतो, तुमचे १२,४०० वाचवतो.” शाळेतल्या सगळ्या शिक्षकांचे फॉर्म १६ मी तपासून द्यायचो. टीसीएस म्हणजे आपलाच पैसा, विवरणपत्र भरलं की हिशेबात परत मिळतो, हे मला ठाऊक होतं. तरी वाचले म्हणून खूश झालो आणि २,४८,००० ची पावती स्वतःहून घालवली. जो एजंट कर चुकवून देतो म्हणतो, त्याला पावती द्यायचीच नसते.

पण हे सगळं एका बाजूला. खरी जखम वेगळीच आहे.

त्याने चार पानी रंगीत कार्यक्रम दिला होता. त्यात लिहिलं होतं : ‘दिवस तिसरा. सकाळी हा लाँग बे क्रूझ. दुपारी एसी बसने डा नांग. संध्याकाळी होई आन येथे कंदिलांचा बाजार.’ हा लाँग उत्तरेला, हनोईच्याही पूर्वेला. डा नांग देशाच्या मध्यावर. हनोईहूनच डा नांग साडेसातशे किलोमीटरच्या पुढे भरतं, म्हणजे परभणीहून मुंबईच्या जवळजवळ दीडपट. दुपारी जेवून बसमध्ये बसायचं आणि दिवे लागायला तिथे पोचायचं? लोक तिथे विमानाने जातात. तो कागद महिनाभर माझ्या टेबलावर होता. ॲटलस कपाटात होता, हातभर अंतरावर. मी तो कागद किमान वीस वेळा वाचला आणि दरवेळी कंदिलांचंच चित्र बघत बसलो. परीक्षेत पोराने असं उत्तर लिहिलं असतं तर मी लाल शाईने गोल केला असता.

मेव्हण्याने एकदा विचारलं होतं, “दाजी, बस एवढ्या लवकर कशी जाईल?” मी म्हणालो, तिकडचे रस्ते चांगले आहेत.

तरी मी अगदीच डोळे मिटून होतो असंही नाही. तिकिटं आल्यावर विमान कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकून बघितला. चौघांची नावं आली, स्पेलिंगसकट. आणखी काय बघायचं असतं माणसाने? नंतर कळलं, जागा अडवून ठेवली की पीएनआर मिळतो. पैसे भरून तिकीट काढलं तरच तेरा आकडी तिकीट क्रमांक येतो. पैसे भरले नाहीत की ती नोंद आपोआप गळून पडते. आमच्या कागदावर तेरा आकडे कुठेच नव्हते. सहा अक्षरांवर भुलू नका, तेरा आकडे मागा, आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासा.

१६ नोव्हेंबर २०२४ ला रात्री देवगिरी एक्स्प्रेसला बसलो. कॉलनीतले दहा-बारा जण स्टेशनवर आले होते, हार-नारळासकट. १७ तारखेला रात्री मुंबई विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने चारदा नाव टाकून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, “काका, ही तिकिटं इश्यूच झाली नव्हती.” त्याचा फोन बंद. बाहेर येऊन कठड्यावर बसलो. सात दिवसांसाठी बांधलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बायकोने तिथेच उघडली. ती एक शब्द बोलली नाही, ते जास्त लागलं.

गावी परत यायचं तोंड नव्हतं. भाच्याकडे डोंबिवलीला सहा दिवस काढले. २० तारखेचं विधानसभेचं मतदान बुडालं. आयुष्यभर निवडणुकीची ड्युटी केली, आणि मत द्यायच्या दिवशी मी डोंबिवलीत पडदे ओढून बसलो होतो. ठरल्या दिवशी सहलीहून आल्यासारखे परत आलो. शेजारच्या वहिनींनी विचारलं, “कसं होतं व्हिएतनाम?” बायको म्हणाली, “गरम होतं.”

आता पोलिसांचं ऐका. पहिल्यांदा गेलो तर निवडणुकीच्या बंदोबस्ताचं कारण, नंतर या. नंतर गेलो तर साहेब रजेवर. तिसऱ्यांदा साहेब भेटले, कागद न बघताच म्हणाले, “तुम्ही शिकलेली माणसं, असे कसे फसता?” मग हे प्रकरण दिवाणी आहे, वकील गाठा. म्हटलं साहेब, खोटं तिकीट दिलंय, ही फसवणूक आहे, पूर्वीचं ४२०, आता न्याय संहितेचं ३१८. तर म्हणे, “कायदा आम्हाला शिकवू नका, गुरुजी.” सायबरवाले म्हणाले, ओळखीच्या माणसाला स्वतःच्या हाताने पैसे दिले, आमच्याकडे बसत नाही. आर्थिक गुन्हेवाल्यांना रक्कम लहान वाटली. तीन लाख लहान! माझ्या पहिल्या दहा वर्षांच्या पगारात एवढे जमले नव्हते. बँकेत गेलो तर खात्याची माहिती देता येत नाही, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात पत्र कशाच्या आधारावर देऊ, गुन्हा कुठे दाखल आहे? १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तो महिन्याने. पैसे गेले की तासाभरात करायचा असतो तो, तरच रक्कम गोठवायची काही आशा.

सगळ्यात वाईट चेकचं. ठाण्यात बोलावल्यावर त्याने डिसेंबरात १,००,००० चा चेक दिला. जानेवारीत वटला नाही, वर बँकेने माझ्याच खात्यातून ५९० कापले. जमादार म्हणाले, “थांबा की सर, पोरगा देतो म्हणतोय ना.” थांबलो. चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, हे मला एकतिसाव्या दिवसानंतर वकिलाने सांगितलं. जमादारांना माहीत नसेल असं मला वाटत नाही.

शेवटी पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी तक्रार पाठवली, पोचपावतीसह. ठाण्यात गुन्हा घेत नसतील तर हेलपाटे घालू नका, हेच आधी करा. ग्राहक आयोगातही केस टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते.

व्हिसाचंही सांगायचं राहिलं. व्हिएतनामचा एकवेळचा ई-व्हिसा २५ डॉलरला मिळतो, तेव्हाचे साधारण २,१००. त्यांच्या सरकारी साइटवर घरी बसून आपल्याला भरता येतो. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट व्हीएन’ आहे का तेवढं बघा. आमच्या कागदांवरचे नोंदणी क्रमांक तिथे टाकले, एकही सापडला नाही. बायकोची जन्मतारीखही चुकीची होती, ती तिने पहिल्याच दिवशी दाखवली होती. मी म्हणालो, टायपिंगची चूक असेल.

त्याच्या ऑफिसात आता शिकवणी चालते. नकाशा भिंतीवर तसाच आहे म्हणे.

आतापर्यंत आमच्यासारखी आणखी पाच कुटुंबं सापडली आहेत. दोघांचं बालीचं होतं, एकाचं दुबईचं. तिघं लाजेपायी तक्रारीवर सही करायला तयार नाहीत, एक तर निवृत्त तलाठी आहेत. माडीवरच्या त्या ऑफिसातून कोणी पावती घेतली असेल, ५०,००० ची का असेना, ती आणि बँकेचा उतारा घेऊन माझ्याकडे या. गावात कोणालाही भूगोलाच्या सरांचं घर विचारा, आता सगळ्यांना माहीत आहे.