धाडीनंतरचे दहा दिवस : विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील कितपत कामाला येतो?

सेवा : जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळणारा मोफत वकील. कुणासाठी : पीटाच्या (देहविक्रीच्या धंद्याविषयीच्या कायद्याच्या) धाडीत उचललेली, अठरा वर्षं पूर्ण झालेली, आपल्या मर्जीने धंदा करणारी बाई. खर्च : शून्य. गुण : कायद्याच्या पुस्तकात पाचपैकी पाच, कोर्टाच्या पहिल्या तारखेच्या आधी भेटला तर चार, पहिली तारीख उलटल्यावर भेटला तर जेमतेम एक.

हा फरक इतका का, ते समजायला आधी कायदा पाहावा लागतो. अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६ म्हणजे बोलीतला पीटा. सज्ञान बाईने एकटीने, खाजगी जागेत धंदा करणं हा या कायद्यात गुन्हा नाही. गुन्हा आहे तो कुंटणखाना चालवणं (कलम ३), दुसऱ्याच्या धंद्याच्या कमाईवर जगणं (कलम ४), बाईला धंद्यासाठी मिळवणं (कलम ५), देऊळ-मशीद, शाळा, वसतिगृह, दवाखाना यांच्या २०० मीटरच्या आत धंदा करणं (कलम ७) आणि गिऱ्हाइकाला खुणावणं (कलम ८). कलम ५ मध्ये संमतीचा उल्लेख आहे, पण तो दलालाच्या शिक्षेपुरता: बाईची संमती असो वा नसो, तिला धंद्यासाठी मिळवणाऱ्याला ३ ते ७ वर्षं, आणि तिच्या इच्छेविरुद्ध असेल तर ७ ते १४ वर्षं.

खुद्द बाईचं काय? धाडीनंतर तिला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करतात आणि कलम १७ची चौकशी सुरू होते. तिचं म्हणणं ऐकण्याची संधी द्यावी असं कलमात आहे. पण चौकशी कशाकशाची, ती यादी वाचा : मिळालेली माहिती खरी का, वय, चारित्र्य, पूर्वेतिहास, आईबाप-पालक-नवरा तिला सांभाळायला लायक आहेत का, घरचं वातावरण कसं. संमतीचा रकानाच नाही. परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) गावी जाऊन घर पाहून येतो, बाईला काय हवं ते अहवालात येईलच याची खात्री नाही. म्हणून मोफत वकील हा या सगळ्या यंत्रणेतला असा एकमेव माणूस ठरतो, ज्याचं कामच मुळी ‘तुला काय हवंय?’ हे विचारणं आणि ते कोर्टाच्या कागदावर आणणं आहे. आम्ही या सेवेचं मोजमाप त्यावरूनच केलं आहे.

हक्काबद्दल वाद नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७च्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असलं तरी, ही सेवा मोफत आहे. त्याच कलमात पीटाखालच्या संरक्षण गृहात (धाडीत सोडवलेल्या बायांना ठेवतात ते गृह) ठेवलेल्या व्यक्तीचा वेगळा उल्लेख आहे, म्हणजे एकाच बाईला दोन दारांनी हा हक्क मिळतो. उत्पन्नाचा दाखला मागितला तर तो देण्याची गरज नाही. कोर्ट फी, नकला, भाषांतर हा खर्चही प्राधिकरणाचा. वकिलाने पैसे मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवाकडे लेखी तक्रार करता येते. फोनवरून सुरुवात करायची तर १५१०० ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

खरी अडचण दिवसांची आहे. पीटाच्या कलम १७(१) खालचा पहिला ताबा दहा दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. चौकशी चालू असतानाचा पुढचा ताबा तीन आठवड्यांपेक्षा जास्त नाही. आणि मोफत वकिलाच्या अर्जावर निर्णय द्यायला नियमाने सात दिवसांपर्यंत मुभा आहे. दहातले सात तिथेच गेले, तर उरलेल्या तीन दिवसांत वकील नेमला जाणार, तो बाईला भेटणार, कागद जमवणार. अर्जात ‘ताब्यात आहे, आजच निर्णय हवा’ असं ठळक लिहा आणि ताब्याच्या आदेशाची तारीख घाला.

दुसरी अडचण वकील कुठल्या खात्यातून येतो याची. बऱ्याच जिल्ह्यांत आता लोकअभिरक्षक कार्यालय आहे. ते आरोपींचा बचाव करतं. कलम १७ मधली बाई आरोपी नसते, कागदावर ती ‘पीडित’ असते. त्यामुळे अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरू शकतो. ‘पॅनलवरील वकील, शक्यतो महिला’ अशी मागणी सुरुवातीलाच करावी. तिच्यावर कलम ८ देखील लावलं असेल तर त्या गुन्ह्यापुरती ती आरोपी आहे, आणि तो बचाव वेगळा मागावा लागतो.

तिसरी गोष्ट घरवालीच्या, म्हणजे कुंटणखाना चालवणारीच्या, वकिलाची. धाड पडली की पहिला पोचतो तो बहुधा तोच, आणि ‘सगळ्यांचं मीच बघतो’ म्हणतो. प्रेरणा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्येच स्पष्ट केलं की दलाल किंवा कुंटणखाना चालवणाऱ्याचा वकील त्याच खटल्यात सोडवलेल्या बाईचा वकील होऊ शकत नाही. कारण उघड आहे. बाईवर कर्ज असेल, ओळखपत्र घरवालीच्या कपाटात असेल, तर ते कोर्टाला सांगणं त्या वकिलाच्या अशिलाच्या मुळावर येतं.

इथेच चांगला आणि कामचलाऊ वकील वेगळे पडतात. कामचलाऊ वकील ‘मी स्वेच्छेने करते’ या एका ओळीवर सही घेतो. चांगला वकील पोलिस, संस्थेचे लोक आणि बरोबरच्या बाया यांना बाहेर बसवून एकटीला विचारतो : गिऱ्हाईक नको म्हटलं तर चालतं का? निरोध नसेल तर नकार देता येतो का? पैसे कुणाच्या हातात जातात? फोन आणि कागद कुणाकडे? उद्या सोडून जायचं ठरवलं तर कोण अडवेल? बाई बंगाली, तेलुगू, कन्नड किंवा नेपाळी बोलणारी असेल तर दुभाषा प्राधिकरणाचा असावा, त्याच घरातली दुसरी बाई नको. उत्तरं जबरदस्तीकडे बोट दाखवत असतील तर रस्ता बदलतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये मानवी व्यापाराच्या गुन्ह्याला पीडितेची संमती गैरलागू आहे. आणि तिलाच आसरा हवा असेल तर पीटाच्या कलम १९ खाली ती स्वतः संरक्षण गृहासाठी अर्ज करू शकते. मुलगी अठराच्या आत असेल तर संमतीचा प्रश्न उद्भवतच नाही. म्हणून वयाचा पुरावा पहिल्या दिवशीच लागतो : शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मनोंद. नुसत्या आधारवर विसंबू नका. हाडांच्या तपासणीत वर्षा-दोन वर्षांचा फरक पडतो, एकोणीस-वीसच्या बाईला तो महागात पडू शकतो.

अर्जातला एक शब्द सगळं बिघडवतो. ‘आईच्या ताब्यात द्यावे’ असा अर्ज केला की आई लायक आहे का, घर कसं आहे, यावर चौकशी सरकते आणि महिने जातात. सज्ञान बाईला पालक लागत नाही. ‘मुक्त करावे’ अशीच मागणी हवी. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी मालाडमधून उचललेल्या तीन सज्ञान तरुणींना सोडण्याचा आदेश दिला, तेव्हा आधार हाच होता : धंदा करणं मुळात गुन्हा नाही, आणि सज्ञान व्यक्तीला हवं तिथे राहण्याचा हक्क आहे. खालच्या दोन कोर्टांत मात्र त्या हरल्या होत्या, आणि तोवर जवळपास वर्ष उलटून गेलं होतं. कलम १७(४) खाली एक ते तीन वर्षं डांबण्याचा आदेश झालाच, तर १७(६) प्रमाणे सत्र न्यायालयात अपील आहे. त्यासाठी आदेशाची आणि परिवीक्षा अहवालाची नक्कल त्याच दिवशी मागा. पाच प्रतिष्ठितांचं पॅनल (शक्यतो तीन स्त्रिया) बोलावण्याची १७(५) मधली सोय वकील क्वचितच वापरतात. ती मागितली तर बाईचं म्हणणं ऐकणारे कान वाढतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९ मे २०२२च्या बुद्धदेव कर्मास्कर आदेशाबद्दल बराच गैरसमज आहे, काही वकीलही तो चुकीचा वाचतात. धाडीत बाईला अटक वा छळ करू नये, ही न्यायालयाने नेमलेल्या समितीची शिफारस होती. केंद्राने तिच्यावर आक्षेप घेतला आणि अमलात आणायच्या निर्देशांत ती नाही. जे निर्देश लागू आहेत ते असे : संरक्षण गृहांची पाहणी करून इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायांची ठरलेल्या मुदतीत सुटका, पोलिसांना संवेदनशील करणं, अत्याचार झालेल्या बाईला तातडीचे उपचार आणि निरोधाला पुरावा न मानणं. अर्जात यातलाच आधार घ्या, नाहीतर सरकारी वकील पहिल्याच मिनिटात खोडून काढेल.

गिऱ्हाइकाने अत्याचार केला तर हीच सेवा फिर्यादीसाठीही आहे, आणि ती त्यासाठी फार कमी वापरली जाते याची आम्हाला खंत आहे. न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये संमती ही त्या विशिष्ट कृतीपुरती, स्पष्ट आणि स्वेच्छेची असते. प्रतिकार केला नाही म्हणजे संमती दिली असं होत नाही. पैसे ठरले होते एवढ्यावरून बाकी कशालाही होकार ठरत नाही, आणि बाईचा पूर्वीचा लैंगिक अनुभव संमतीच्या मुद्द्यावर कोर्टात ग्राह्य नाही. पोलिस ठाण्यात ‘धंदेवालीवर कसला बलात्कार’ असं ऐकवलं गेलं, तर वकिलाने फिर्यादीत हाच मुद्दा कलमासह लिहून द्यावा, पोच घ्यावी आणि त्याच फेरीत नुकसानभरपाईचा अर्ज प्राधिकरणात टाकावा.