माझ्या डिझाईनचा यो-यो आणि गेलेले 51,300 रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना सगळं लक्ष 'किती गेले' याकडे राहणार नाही. 51,300 रुपये. तीन हप्त्यांत, तिन्ही यूपीआयने, आणि तिन्ही वेळा पिन मीच टाकला. मी चाकणला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आहे. दुसऱ्यांच्या जॉबमधल्या, म्हणजे मशीनवर काढलेल्या भागांतल्या, चुका काढायचा मला पगार मिळतो. तरीही गेले.

चाळिशी उलटलेल्या माणसाने यो-यो जमवावेत याचं घरच्यांना हसू येतं. येवो. ज्यांनी लहानपणी फक्त प्लॅस्टिकचा यो-यो पाहिलाय त्यांच्यासाठी सांगतो, हल्लीचा चांगला यो-यो म्हणजे ॲल्युमिनियमच्या बारमधून सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) लेथवर काढलेले दोन अर्धे, मधे पाव इंच बोअरचं बॉल बेअरिंग आणि दोन्ही बाजूंना सिलिकॉनचे पॅड. तो दोरीच्या टोकाला नुसता फिरत राहतो, झटका दिला म्हणून वर येत नाही. दोरीचा वेढा घालून त्याला परत बोलवावं लागतं.

जमवणाऱ्या प्रत्येकाचा जीव एखाद्या यो-योत अडकलेला असतो. कुणाला सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम कून या दंतवैद्याचा, खोलून पुन्हा जोडता येणारा लाकडी 'नो जाइव्ह' हवा असतो, कुणाला डंकनचा मॅग्नेशियमचा फ्रीहँड. काहींना टायटॅनियमच लागतं, कारण तो फिरता यो-यो काँक्रीटला टेकवला की ठिणग्या उडतात. (मी एकदा सोसायटीच्या पार्किंगमध्ये मित्राचा टेकवून पाहिला. वॉचमन धावत आला.) माझा जीव होता कॅनडातल्या एडमंटनच्या कॅरिबू लॉज या यो-यो कंपनीच्या 'पीक'मध्ये, त्यातही जुन्या लॉटच्या. कुणीतरी विकायला काढलाय हे मला कळेपर्यंत तो विकला गेलेला असायचा.

दुसरं खूळ स्वतःचा यो-यो काढायचं. कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगमध्ये, अर्धा छेद काढायचा, आसाभोवती फिरवायचा, झाला यो-यो. पण वजन कडेला ढकललं तर तो खूप वेळ फिरतो आणि हाताला जड लागतो, मधे आणलं तर चपळ होतो पण लवकर दमतो. दीड वर्ष मी रात्री जेवण झालं की मिलिमीटरचे दशांश इकडचे तिकडे करत बसलो. शेवटी जमलं: व्यास 55 मिमी, रुंदी 43 मिमी, 6061 जातीचं ॲल्युमिनियम, दोन्ही अर्ध्यांचं मिळून वजन 62.4 ग्रॅम. नाव ठेवलं 'गिरकी'. त्याचं चित्र इन्स्टावर टाकलं आणि तिथूनच हा माणूस आला.

बंगळुरूला असतो म्हणाला. आधी काही विकलंच नाही, फक्त विचारलं, "बेअरिंग बसतं तिथली भिंत पातळ नाही होत का? थ्रेड किती खोल ठेवलाय?" प्रश्न अगदी बरोबर होते. दीड वर्षात बायको, मित्र, ऑफिसातले, कुणीही गिरकीबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. तुम्हाला म्हणून सांगतो, मी तिथेच फसलो होतो, पैसे नंतर गेले.

मग मी त्याच्याकडून 350 रुपयांच्या दोऱ्या आणि पॅड मागवले. तिसऱ्या दिवशी पार्सल दारात, वर दोन दोऱ्या फुकट. आता वाटतं, ते 350 रुपयांचं पार्सल म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ. पण तेव्हा मी स्वतःहून चार जणांना त्याचं नाव सुचवलं, हेही कबूल करतो.

परदेशातल्या एका कारखान्यात आपली ओळख आहे, एरवी ते पन्नास नगांखाली हात लावत नाहीत, पण तुमच्यासाठी दोन सॅम्पल काढून देतील, असं तो म्हणाला. 18,500 आगाऊ. मी पैसे पाठवले आणि अख्खी स्टेप फाइलही, म्हणजे गिरकीचं पूर्ण थ्रीडी मॉडेल, पाठवली. ही दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी. किंमत सांगायला बाहेरची मापं, मटेरियल आणि फिनिश एवढं पुरतं, पूर्ण मॉडेल ऑर्डर पक्की होईपर्यंत कुणाला द्यायचं नसतं. ऑफिसात हा नियम मीच नव्या पोरांना शिकवतो.

तीन आठवड्यांनी व्हिडिओ आला. लेथ चालू आहे, कूलंटचे फवारे, चकचकीत चिप्स निघतायत, टूलखाली यो-योचा अर्धा आकार घेतोय. मी तो किती वेळा पाहिला असेल! पाठोपाठ वजनकाट्यावर ठेवलेल्या तयार यो-योचा फोटो, आकडा बरोबर 62.4. मला इतका आनंद झाला की ऑफिसात पेढे वाटायचे बाकी राहिले.

त्याच आठवड्यात त्याने विचारलं, एकाने पीक विकायला काढलाय, 26,000 म्हणतोय, घेता का? सॅम्पलसोबतच पाठवतो. मी इतकाही भोळा नाही. चिठ्ठीवर माझं नाव आणि आजची तारीख लिहून यो-योशेजारी ठेवून फोटो पाठव म्हटलं. तासाभरात फोटो हजर. पैसे गेले. नंतर पार्सल कस्टममध्ये अडकलं, ड्यूटीचे 6,800 एजंटच्या नंबरवर टाका, असा निरोप आला. तेही टाकले. कस्टम ड्यूटी कुणाच्या खासगी यूपीआयवर भरत नाहीत हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण 44,500 अडकलेला माणूस 6,800 साठी वाद घालत नाही, आणि तो आकडा त्याने त्याच हिशेबाने काढला असणार.

भोसरीत माझ्या ओळखीचे एक टर्नर आहेत, तीस वर्षं लेथवर उभे. कौतुकाने त्यांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी एकदाच पाहिला आणि म्हणाले, "साहेब, हा जॉब तुमचा नाही. याला हबजवळ, मधल्या भागाशी, खांदा आहे, पायरीसारखा. तुमचा तर सरळ गोलाईत उतरतो ना?"

खरंच खांदा होता. व्हिडिओ दुसऱ्याच कुणाच्या यो-योचा, कुठून तरी उचललेला. रिक्षा न करता चालतच घरी निघालो आणि वाटेत 62.4 चा घोळ उलगडला. ते वजन नुसत्या दोन अर्ध्यांचं होतं. फोटोतला यो-यो जोडलेला, म्हणजे त्यात बेअरिंग, स्क्रू आणि पॅडही होते. काट्यावर आणखी तीनेक ग्रॅम दिसायला हवे होते. माझ्या फाइलमधला आकडा त्याने तसाच फोटोवर चिकटवला होता. घरी येऊन पीकचा फोटो इमेज सर्चला टाकला तर जुन्या एका विक्रीतला तोच फोटो निघाला. टेबल तेच, सावलीही तीच, फक्त चिठ्ठी नव्हती.

तेव्हा चिठ्ठीवर विसंबू नका. व्हिडिओ कॉल करा आणि समोरच्याला यो-यो खोलायला सांगा, दोन अर्धे वेगळे करून आतलं बेअरिंग दाखव म्हणा. ज्याच्या हातात यो-यो आहे त्याला याला अर्धं मिनिटही लागत नाही. आपण मागितलं तर समोरच्याला काय वाटेल, हा संकोच मला 26,000 ला पडला.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा पहिल्या हप्त्याला दोन महिने होऊन गेले होते. सायबर पोलिसांनी तक्रार नीट लिहून घेतली. त्या खात्यात 2,150 रुपये गोठवलेले सापडले, बाकीचे पुढच्या पुढच्या खात्यांतून निघून गेलेले. साहेबांनी फक्त विचारलं, "यो-यो? एवढ्याला?" मी हो म्हटलं.

हे सगळं मी आज का लिहितोय, तर गेल्या रविवारी नाशिकहून एका मुलाचा फोन आला. इंजिनिअरिंगला आहे. माझी जुनी पोस्ट शोधून त्याने नंबर मिळवला होता.

"दादा, गिरकी तुमचाच ना? एक जण विकतोय, आमचं मागचं काम म्हणून दाखवलं त्याने. हाताला कसा लागतो तेवढं विचारायचं होतं."

"तो अजून कुणाच्याच हाताला लागलेला नाही," मी म्हटलं. "पैसे भरलेस?"

"हो. मगाशी."

"मगाशी म्हणजे किती वाजता?"

"अर्धा तास झाला असेल."

"फोन ठेव. आधी 1930 लाव, मग बँकेला. माझ्याशी नंतर बोल."