थ्रॉटल बॉडी: जागेवरच साफ करावी की उतरवून?

सकाळी सेल्फ मारला की गाडी थरथरते, आरपीएमचा काटा ५०० पर्यंत पडतो, कधी सिग्नलपर्यंत पोचायच्या आत इंजिन बंदही पडतं. दोन-तीन मिनिटांत तापलं की सगळं सुरळीत. नाशिकचा पारा १० अंशांखाली उतरला की पेट्रोल गाड्यांची ही तक्रार हमखास येते, आणि बऱ्याचदा दोषी निघते ती कार्बनने माखलेली थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग. मग प्रश्न उरतो: हवेचा पाइप काढून जागेवरच साफ करायची, की खोलून बाहेर काढायची? दोन्ही करून पाहिलं आहे. माझा कल उतरवण्याकडे आहे, पण प्रत्येक गाडीला तेच लागू पडेल असं नाही.

आधी दोष तिथेच आहे ना, हे बघा. थरथर एका ठेक्यात येत असेल तर एखादा सिलिंडर मिस करतोय. स्कॅनरवर (गाडीला जोडायच्या तपासणी यंत्रावर) पी०३०१ ते पी०३०४ यांपैकी कोड असेल, म्हणजे १ ते ४ पैकी एखादा सिलिंडर मिस करत असेल, तर प्लग आणि कॉइल तपासा, थ्रॉटलला हात लावू नका. काटा हेलकावत असेल तर हवेचा हिशेब चुकतोय. रात्रभर उभ्या गाडीचं फक्त इग्निशन ऑन करा आणि कूलंटचं व आत येणाऱ्या हवेचं तापमान स्कॅनरवर शेजारी-शेजारी पाहा. दोन-चार अंशांचा फरक चालतो. ८ अंशांच्या सकाळी कूलंट सेन्सर ४० दाखवत असेल, तर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इंजिन कोमट समजून पेट्रोल कमी सोडणार; मग थ्रॉटल कितीही घासा, फरक पडायचा नाही.

त्याच वेळी मॅनिफोल्ड प्रेशरही (थ्रॉटलमागे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतला दाब) दिसेल. मुंबईत इंजिन बंद असताना हा आकडा १०१ किलोपास्कलच्या आसपास असतो. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, इथे ९४-९५ दिसणं बरोबर आहे. त्यावरून सेन्सर बदलू नका. इंजिन तापल्यावर फ्यूएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलमध्ये करत असलेली वाढ-घट) आयडलला, म्हणजे पेडल न दाबता, +१० टक्क्यांच्या वर असेल आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल, तर कुठलीतरी होज किंवा गॅस्केट हवा खेचतंय. ते आधी शोधा.

जागेवर साफ करण्याचे फायदे उघड आहेत. अर्ध्या तासात काम उरकतं, कूलंटला हात लागत नाही, नवं गॅस्केट लागत नाही. पेडलच्या केबलवर चालणारा थ्रॉटल असेल तर लिव्हर हाताने फिरवून बटरफ्लाय (हवा अडवणारी गोल पाकळी) उघडता येतो, फडकं आतपर्यंत जातं. अशा जुन्या गाड्यांना मी हीच पद्धत सुचवेन.

इलेक्ट्रॉनिक, म्हणजे मोटरने उघडणाऱ्या थ्रॉटलवर मात्र घोडं अडतं. कार्बन येतो तो मुख्यतः ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली वाफ हवेच्या वाटेत सोडणाऱ्या नळीतून) येणाऱ्या ऑइलच्या वाफेतून, आणि जास्त साचतो इंजिनाकडच्या बाजूला. गंगापूर रोडवरून सातपूरपर्यंत एवढंच जी गाडी चालते, तिचं इंजिन नीट तापतच नाही, तिथे हा थर लवकर धरतो. बटरफ्लायची कड भोकाच्या भिंतीला जिथे टेकते, त्याच्या लगेच मागे काळ्या वार्निशचं नखाएवढ्या जाडीचं कडं तयार होतं. आयडलची जवळपास सगळी हवा त्याच फटीतून जाते, म्हणून हे कडं थंड इंजिनाला इतकं नडतं. पुढून स्प्रे मारला की पितळी-चंदेरी तोंड चकाकतं, पण कडं तसंच राहतं. बोटाने पाकळी ढकलावी तर आतल्या प्लास्टिक गिअरवर ताण येतो. इग्निशन ऑन करून कुणाला पेडल दाबायला सांगावं तर पाकळी बोटावर मिटण्याचा धोका. शिवाय सुटलेला मळ मॅनिफोल्डमध्ये साचतो. माझ्या अनुभवात अशी सफाई काही आठवडे टिकते, मग तीच थरथर परत. माझा निर्णय या कड्यानेच झाला.

उतरवण्यात मेहनत आहे. बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढा. बहुतेक बॉडी चार बोल्टवर असते. बऱ्याच गाड्यांत बॉडीतून कूलंटच्या दोन बारीक होज जातात. इंजिन पूर्ण थंड असतानाच त्या क्लॅम्पने दाबून सोडा, आणि जेवढं कूलंट सांडेल तेवढं त्याच प्रकारचं परत भरा. होज कडक झाली असेल तर ओढू नका, बदला. साफ करायला थ्रॉटल बॉडी क्लीनरच वापरा. काही पाकळ्यांच्या कडेला लेप असतो, कार्ब्युरेटरच्या क्लीनरने तो निघू शकतो. बॉडी बुडवू नका, मोटर आणि सेन्सर आतच असतात. मोटरची बाजू वर धरा, क्लीनर फडक्यावर आणि मऊ टूथब्रशवर घ्या. गॅस्केट नवं टाका. जुनं थंडीत आकसून हवा खेचेल आणि तक्रार होती तशीच राहील. मॅनिफोल्ड प्लास्टिकचं असेल तर बोल्ट ८ ते १० न्यूटन-मीटरच्या पुढे आवळू नका, आत बसवलेले आट्यांचे पितळी तुकडे फिरतात.

जोडल्यावर आयडल १२०० ते १५०० वर अडकलं तर घाबरू नका. ईसीयूला मळक्या फटीची सवय झालेली असते, त्यामुळे पाकळी अजून जास्त उघडी धरली जाते. एसी बंद ठेवून दहा मिनिटं चालू ठेवा, मग एसी लावून पाच मिनिटं. काही गाड्यांना स्कॅनरवरूनच शिकवावं लागतं, आपल्या गाडीचं आधी विचारून घ्या.

खरी परीक्षा त्या दिवशी होत नाही, कारण गरम इंजिन सगळं लपवतं. गाडी रात्रभर उघड्यावर लावा. सकाळी काटा १२०० च्या आसपास चढून हळूहळू ७५०-८०० वर स्थिरावला, मध्ये डळमळला नाही, तर बोनेट पुन्हा उघडायची गरज नाही.