जुनी आयात प्राडो: स्पितीची तयारी आणि नंतरचे महिने

गाडी 2006 ची टोयोटा प्राडो एसयूव्ही, तीन लिटर डिझेल, पूर्ण आयात. हिमाचलातल्या स्पितीला जाऊन आली आणि आता रोज कोथरूड-चाकण करते. जुनी प्राडो घेतली की बरेचजण आधी कॅरिअर आणि एलईडी बार बसवायला पळतात, म्हणून खर्च कुठे कामी आला ते लिहितोय.

पहिलं काम कागदावरचं: सुट्या भागांची दोन गटांत वाटणी. इंजिनाचं मॉडेल वन केडी, 2982 सीसी, म्हणजे जुन्या 3.0 फॉर्च्युनरच्याच घराण्यातलं. त्यामुळे फिल्टर, बेल्ट वगैरे नाना पेठेत त्याच दिवशी मिळतं. काचा, दिवे, बॉडीचं सामान आणि सस्पेन्शनचं बरंचसं मात्र फक्त प्राडोचं; ते दुबईहून येईल तेव्हा येईल. म्हणून दुसऱ्या गटातलं जे जे कुरकुरत होतं ते निघण्याआधीच बदललं. कंट्रोल आर्मच्या (सस्पेन्शनच्या दांड्यांच्या) रबरी बुशांबद्दल मेकॅनिक “चालतील अजून” म्हणत होता. पुण्यात चालले असते.

सगळ्यात मोलाचं काम इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरखालच्या तांब्याच्या वॉशरचं. ते गळायला लागले की जळालेला गॅस ऑइलमध्ये उतरतो, काजळी साचते, चेंबरमधली, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या ऑइलच्या भांड्यातली, जाळी चोंदते आणि एक दिवस ऑइलचं प्रेशरच जातं. “टोयोटा आहे, काही होत नाही” म्हणणाऱ्यांची इंजिनं अशीच बसतात. नुसते वॉशर बदलून थांबू नका, चेंबर उघडून जाळी डोळ्यांनी बघा. माझी निम्मी भरली होती.

टायमिंग बेल्टची मुदत 1,50,000 किमी. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागतो, पण बेल्ट न बदलताही तो विझवता येतो. जुन्या मालकाकडे बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच धरा. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हिशेब लाखांत जातो.

रेडिएटर साफ केला, होज नवे टाकले. चाचणी भर मे महिन्यात, सात माणसं कोंबून, एसी चालू ठेवून: आधी खंबाटकी घाट, मग वाईहून पसरणी घाट. तापमानाचा काटा हलला नाही तेव्हाच सुट्टीचा अर्ज टाकला.

कागदपत्रांचा खर्च कोणी आधी सांगत नाही. पंधरा वर्षांपुढच्या आयात गाडीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी 2022 च्या एप्रिलपासून 40,000 आहे, वीस वर्षांपुढे 2025 पासून 80,000. पर्यावरण कर वेगळा. दिल्लीत जुन्या डिझेलचे नियम कोर्टागणिक फिरतात, आणि एनसीआरमध्ये, म्हणजे दिल्लीभोवतीच्या राजधानी परिसरात, राजस्थानातले अलवर-भरतपूरही येतात. मी उदयपूर, बिकानेर, गंगानगर करत पंजाबात शिरलो. लांब पडतं, पण डोक्याला ताप नाही.

मनालीहून कुंझुम खिंडीमार्गे स्पितीतल्या काझापर्यंत पंप नाही, तेव्हा टाकी मनालीतच गच्च भरा. सोबत जादा डिझेल फिल्टर ठेवला होता, तो परतीच्या वाटेवर कामी आला. फिल्टरमध्ये पाणी आल्याचा दिवा लागला होता. खाली ड्रेन असतो, तो आधी सोडून बघा.

आता तक्रारी. शहरात लिटरला आठ, हायवेला अकरा. सदाशिव पेठेत ही गाडी नेणं हा स्वतंत्र छंद आहे. टायरची नक्षी छान होती, पण कडेवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे 3217, म्हणजे 2017 च्या बत्तिसाव्या आठवड्यातले. तेही निघण्याआधी बदलावे लागले. मागच्या दाराचं रबर आता फाटलंय, पावसात पाणी आत येतं. ते दुसऱ्या गटातलं, ऑर्डर दिलीय.