रत्नागिरीचा पावसाळा आणि डिह्युमिडिफायर: चार महिन्यांनंतर

तळमजल्यावरचं घर. मागच्या खोलीत कुबट वास, कपाटातल्या चामडी पट्ट्यांवर पांढरी बुरशी, डब्यातले पापड सादळलेले. कोकणातल्यांना वेगळं सांगायला नको. यंदा मृगाआधीच डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी करून टाकीत जमवणारं मशीन घेतलं, दिवसाला २० लिटर पाणी काढणारं.

काम चोख करतं, पण दारं-खिडक्या बंद असतील तरच. जुलैत बाहेरचीच आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास. खिडकी उघडी ठेवली तर ते बिचारं अख्ख्या गावाची हवा वाळवत बसणार. ‘हवा खेळती नको का?’ हा सासूबाईंचा प्रश्न. हवी, पण चांगली उघडीप पडली की. स्वयंपाकघर आणि बाथरूममधले एक्झॉस्ट मात्र भर पावसातही लावतो. तिथली वाफ घरात पसरायच्या आत गेलेली बरी.

दहा बाय दहाच्या खोलीतल्या हवेत वाफेच्या रूपात जेमतेम पाऊण लिटर पाणी असतं. तरी सुरुवातीला टाकी रोज भरायची. ते पाणी गाद्या, कपडे आणि भिंतींतून निघत होतं. त्यामुळे आर्द्रतेचा आकडा ८८ टक्क्यांवरून ६० वर यायला पहिल्यांदा बरेच दिवस लागले, आता एका रात्रीत येतो. मशीनवरच्या आकड्यावर विसंबू नका, साधा आर्द्रतामापक खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. आणि २० लिटर हे ३० अंश तापमान, ८० टक्के आर्द्रतेला; खोली कोरडी होत गेली की त्याच्या निम्मंही निघत नाही.

खरे पैसे वसूल झाले ते कपड्यांत. दोरी त्याच खोलीत, वर पंखा. सकाळी जीन्सची शिवणसुद्धा कोरडी.

तक्रारी आहेतच. आत फ्रिजसारखा कॉम्प्रेसर, त्याची उष्णता खोलीतच राहते, दोन-तीन अंश सहज वाढतात. घरघरही आहे. झोपायच्या खोलीत रात्री नकोच. आठ तासांना साधारण अडीच युनिट वीज. पण सगळ्यात वैताग म्हणजे लाईट जाऊन आली की आमचं मशीन आपोआप सुरू होत नाही, आणि इथे पावसात लाईट किती वेळा जाते! घेताना हे आधी विचारा. जाळी पंधरवड्याने धुवावी लागते.

पश्चिमेच्या चिऱ्याच्या भिंतीपुढे मात्र मशीनने हात टेकले. ओल बाहेरून झिरपते, पोपडे पडायचे ते पडतातच. दिवाळीनंतर भिंत सुकली की बाहेरून गिलावा करून घेणार. तोवर कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलंय.