नौपाड्यातला रविवारचा रसग्रहण वर्ग: जाऊन आलेय, सविस्तर लिहितेय

कविता आवडते पण का आवडली ते सांगता येत नाही, 'छान आहे', 'मूड मस्त आहे' याच्यापुढे गाडी जात नाही, अशी ज्यांची अडचण आहे त्यांनी हा वर्ग करावाच, असं माझं स्पष्ट मत आहे. ठाण्यात नौपाड्याला, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत एक निवृत्त मराठीच्या बाई आपल्या घरीच रविवारी सकाळी घेतात. बोर्ड वगैरे काही नाही, तोंडोतोंडीच माहिती पसरते. मी भाचीसाठी चौकशी करायला गेले होते, ती दहावीला आहे, आणि मग मी पण बसले.

भाचीचं आधीचं सांगते म्हणजे फरक कळेल. शाळेत रसग्रहण लिहायचं म्हणजे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये, तीन मुद्दे, आणि गाइडमधून तयार वाक्यं पाठ, 'कवीने अत्यंत समर्पक शब्दांत भावना व्यक्त केल्या आहेत' टाइप. कुठल्याही कवितेला चालेल असं वाक्य. बाईंकडे हे वाक्य लिहिलं की त्या एकच विचारतात, कुठे दिसतंय? ओळीवर बोट ठेव. बोट ठेवता आलं नाही तर वाक्य खोडायचं. अख्ख्या वर्गाचा गाभा हा एवढाच आहे आणि तो त्या कुणालाच सोडत नाहीत, माझ्यासारख्या मोठ्यांना पण नाही.

भावना सांगायच्या शब्दांची सुरुवात त्या नाट्यशास्त्रापासून, म्हणजे भरतमुनींच्या जुन्या संस्कृत ग्रंथापासून करतात. मला वाटलं नऊ रस पाठ करायला लावणार, पण तसं नाही. भरतमुनींनी आठच सांगितले, शांत हा नववा नंतर जोडला गेला, मग प्रत्येक रसाच्या मागे एक स्थायीभाव, म्हणजे मनात टिकून राहणारी मूळ भावना, जसं करुणाच्या मागे शोक, वीराच्या मागे उत्साह, अद्भुताच्या मागे विस्मय, हे भरभर होतं. खरी मजा पुढे आहे. ३३ व्यभिचारी भाव. येतात आणि जातात असे भाव, म्हणजे निर्वेद, ग्लानी, शंका, असूया, श्रम, दैन्य, चिंता, जडता, विषाद, औत्सुक्य... बाईंनी त्यांचा तक्ता करून भिंतीवर लावलाय. मूड सांगायला शब्द नाहीत म्हणतो आपण, तर इथे एवढा साठा पडलाय आणि परीक्षेपुरतं नाव घेऊन आपण सोडून देतो, हे मला खरंच लागलं.

एका रविवारी सगळ्यांनी ठाणे स्टेशनवर पावसाळ्यातली संध्याकाळ चार ओळींत लिहायची होती, भावनेचा एकही शब्द न वापरता. एका दादांनी लिहिलं की इंडिकेटरवर कर्जत दिसतंय पण गाडी नाही, एक काका ओली छत्री मिटून उभे आहेत, छत्रीचं पाणी त्यांच्याच बुटावर पडतंय आणि ते पाय हलवत नाहीत. आम्ही सगळे पटकन म्हणालो, उदास. बाई म्हणाल्या, उदास कुठे दिसतंय? शांतता. मग भाचीच बोलली, बाई, हे श्रम आहे, त्यांना वाईट वाटत नाहीये, पाय हलवायचीच ताकद नाहीये. एका काकू म्हणाल्या, मग जडता का नाही? त्यावर जी चर्चा झाली ती वर्गाची वेळ संपून गेल्यावर जिन्यात पण चालू होती.

सूर आणि वातावरण यातला फरक पण मला इथेच नीट कळला. सूर बोलणाऱ्याचा असतो आणि वातावरण वाचणाऱ्याभोवती जमतं, दोन्ही एकच असायला पाहिजेत असं काही नाही. घर सोडावं लागल्याची गोष्ट माणूस मिश्कील सुरात सांगतो आणि ऐकणाऱ्याचा घसा दाटतो, असं होतं ना. यासाठी 'या, तुमचीच वाट बघत होतो' हे वाक्य प्रत्येकाने वेगळ्या सुरात म्हणायचं आणि बाकीच्यांनी ओळखायचं, आपुलकी, अजीजी, खोचकपणा, दरडावणी. उपरोध, उपहास आणि विडंबन हे आपण कसेही वापरतो, तर उपरोधात वरून स्तुती आणि आतून टोला, उपहासात उघड हसणं, आणि विडंबनात मूळ रचनेचा साचा घेऊन तीच उलटी फिरवणं. इतकं सोपं करून आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

बालकवींची 'औदुंबर' घेतली तो वर्ग तर मी विसरणार नाही. फक्त रंग मोजायला सांगितले. हिरवाळी, निळासांवळा झरा, परत हिरवी गर्दी, पांढरी पायवाट, आणि ती पायवाट जाते काळ्या डोहाकडे. आठच ओळींची कविता, आणि उजेडातून अंधाराकडे आपल्याला कधी आणलं ते कळत पण नाही. वर तो काळिमा 'गोड' आहे! मग याला भयाण म्हणायचं, गूढ, उदास की शांत? माझं मत अजूनही गूढ, भाचीचं शांत, आणि दोघींना ओळी दाखवता येतात म्हणून दोन्ही उत्तरं बाईंनी मान्य केली.

आता जे कमी पडतं ते. वृत्तं, म्हणजे कवितेच्या ओळींचे ठरलेले ठेके, एकाच सत्रात उरकली, ते अजिबात पुरेसं नाही. भुजंगप्रयात समजलं कारण मनाचे श्लोक कानात होते, ग-णा-धी, श-जो-ई असं टेबलावर ठेका धरून लघु गुरु गुरु, म्हणजे एक आखूड आणि दोन लांब अक्षरं, असं ओळीत चारदा आलं, पण त्याच्यापुढची वृत्तं डोक्यावरून गेली, लहान मुलं तर पार गोंधळली. झेरॉक्स फिक्या असतात. खोली लहान आहे, मे महिन्यात त्रास होतो, आणि गाडी लावायला जागा नाही त्यामुळे स्टेशनवरून चालत किंवा रिक्षाने जा. फी महिन्याला ८०० रुपये, त्या मानाने खूपच मिळतं.

फक्त मार्कांसाठी पाठवणार असाल तर मुलांना सुरुवातीला जड जाईल कारण तयार उत्तरं मिळत नाहीत, हे आधीच सांगून ठेवा. घरी उजळणीसाठी मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, आणि ठाण्यातच आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं, तिथे कवितासंग्रह काढून आणा आणि शेजारी वही ठेवून वाचा. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, माणसं मोजकीच घेतात, आणि वृत्तांसाठी वेगळं सत्र हवं असं जाल तेव्हा तुम्ही पण बाईंना सांगा, आम्ही काही जणांनी सांगितलंय.