डीपी बदलली, मोटार उलटी फिरली आणि माझे १८,५०० रुपये गेले

वरुड तालुक्यात माझा संत्र्याचा बगीचा आहे. बोअर ४२० फूट, मोटार साडेसात एचपीची. आंबिया बहाराच्या फुलांसाठी पाणी बंद ठेवून झाडांना ताण दिला होता. जानेवारीत तो तोडायला पाणी सुरू केलं आणि तिसऱ्याच दिवशी डीपी, म्हणजे शेतावरचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. ताण तोडल्यावर मधेच पाणी तुटलं की झाडाला नवी फूट एकसारखी येत नाही, हे बगीचेवाल्याला सांगायला नको.

पाच दिवसांनी दुसरी डीपी बसली. मोटारीला लागणारी थ्री फेज वीज त्या आठवड्यात रात्रीची होती. साडेबाराला बॅटरी घेऊन गेलो, बटन दाबलं. मोटार लागली. व्होल्ट बरोबर, अँपिअरचा काटा स्थिर, ट्रिपही होत नव्हती. पण ठिबकच्या फिल्टरवरचा दाबाचा काटा, जो एरवी दीड किलोवर जातो, तो अर्ध्यावरही चढेना. शेवटच्या ओळीत ड्रिपरखाली हात धरून बसलो, तळहात कोरडाच.

सकाळी मेकॅनिक आला. तेव्हा थ्री फेज नव्हती, म्हणजे मोटार चालवून पाहायचा प्रश्नच नव्हता. आल्याआल्या त्यानं विचारलं, ‘डीपी कधी बसली?’ मला वाटलं, माणूस चौकस आहे. मग स्टार्टरची पेटी उघडून पाच मिनिटं आत पाहिलं आणि म्हणाला, ‘काकाजी, इम्पेलर गेले. मोटर काढाच लागते.’ इम्पेलर म्हणजे पंपातल्या पाणी वर ढकलणाऱ्या चकत्या.

काढली. तिपाई घोडी, चेनपुली, पाच मजूर, वीस-वीस फुटांचे पाइप. मोटार त्याच्या दुकानात गेली ती चार दिवस तिथंच. परत आली तेव्हा पिशवीत तीन झिजलेले इम्पेलर घेऊन आला, ‘हे पाहा, काय हाल झाले.’ काढणं-सोडणं ४,५००, इम्पेलर-बुश ७,२०० आणि वाइंडिंग, म्हणजे मोटारीतली तांब्याची गुंडाळी, ‘कमजोर’ होती म्हणून ६,८००. वाइंडिंग जळालेली मोटार अशी शांतपणे फिरत नाही, एकतर ट्रिप होते नाहीतर उचलतच नाही. एवढं मला तेव्हाही कळायला हवं होतं. पण झाडं सुकत होती, आणि सुकती झाडं पाहिली की माणूस हिशेब करत नाही.

मोटार खाली सोडल्यावर तो मला म्हणाला, ‘तुमी व्हॉल्व्हपाशी उभे राहा, पानी पाहा. मी स्टार्टर पाहातो.’ मी गेलो. पाणी धो धो आलं. मी त्याला चहा पाजला, वर शंभर रुपये दिले.

आठ दिवसांनी शेजाऱ्यांच्या शेतात बसलो होतो. त्यांचीही लाइन त्याच डीपीवर. मी माझं रडगाणं लावलं तर ते हसायलेच लागले. ‘आमच्याकडंबी पानी कमीच देत होती मोटर. भाच्यानं दोन वायर अदलाबदल केले, झालं.’ भाचा आयटीआयचा वायरमन. त्यानं जमिनीवर काडीनं तीन रेघा ओढून समजावलं. थ्री फेज मोटार कोणत्या दिशेनं फिरेल हे तीन फेज कोणत्या क्रमानं येतात त्यावर असतं. डीपी बसवताना दोन वायर इकडच्या तिकडं लागल्या की त्या डीपीवरच्या सगळ्या मोटारी उलट्या फिरतात. सबमर्सिबल उलटी फिरली तरी थोडं पाणी देते, जोर मात्र नसतो. आणि ती जमिनीखाली, फिरताना दिसणार कशी? मेन बंद करून स्टार्टरवरच्या तीनपैकी कोणत्याही दोन वायर बदलायच्या आणि पाणी पाहायचं. ज्या दिशेनं पाणी जास्त, ती दिशा खरी. काम दहा मिनिटांचं, पण ते वायरमनच्याच हातून करून घ्या.

घरी आलो. स्टार्टर बसवला तेव्हा पोरानं पेटीचा फोटो काढला होता, तो मोबाइलमध्ये सापडला. फोटोत मोटारीकडं जाणाऱ्या वायर लाल, पिवळी, निळी. पेटीत आता पिवळी, लाल, निळी.

एक चूक माझीही. पेटीत प्रिव्हेंटर होता, तो फेज उलटे आले की मोटार लागूच देत नाही. रात्री सारखा अडतो म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच तो वगळून लाइन डायरेक्ट करून ठेवली होती.

मेकॅनिककडं गेलो. फोटो दाखवला. त्यानं मान वर न करता विचारलं, ‘पानी आलं ना, काकाजी?’ पावती नाही, गॅरंटीचा कागद नाही, काय भांडणार? डीपीवरच्या बाकीच्यांना मी त्याच दिवशी फोन केले. तोवर आणखी एकाची मोटार दुकानात पोचली होती.

मागच्या दुरुस्तीतला माझ्या पंपाचा एक जुना इम्पेलर कोठ्यात पडला होता. पिशवीतल्या तिघांशेजारी ठेवून पाहिला. ते तिघेही बोटभर लहान निघाले, मधलं भोकही वेगळं. म्हणजे माझ्या पंपाचे नव्हतेच. कुणाच्या बोअरचे आहेत, ते अजून शोधतो आहे.